आप्पांची फियाट

आमच्या घरासमोर शेवग्याच्या झाडाखाली एक मोटार दीड वर्ष ताडपत्री पांघरून उभी होती. गल्लीतल्या मुलांनी तिला क्रिकेटची सीमारेषा ठरवले होते. चेंडू मोटारीला लागला की चार धावा. शेजारच्या मांजरीने तिच्याखाली दोनदा पिल्ले घातली. दूधवाला, गॅसवाला आमच्या घराचा पत्ता सांगताना ‘ती झाकलेली गाडी हाय ते घर’ असे सांगत. ज्या वस्तूचा उपयोग संपतो ती हळूहळू नुसती खूण होऊन बसते, हे मला त्या दीड वर्षात समजले.

ताडपत्रीखाली होती ती प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी असली तरी कोल्हापुरात तिला कोणी त्या नावाने हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही. ती फियाटच. आणि ते चूकही नाही, कारण तिचे माहेर इटलीतले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या ‘अकराशे’ जातीच्या मोटारी तयार होत. सत्तरच्या दशकात त्याच मोटारीला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यालाच बसवलेला गिअर आणि पुढे तिघांना बसता येईल असा सलग बाक. एके काळी तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटले की डोळ्यांसमोर येते ती हीच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या अशा शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले होते. आप्पांनी ते पान डाव्या हाताने, बराच वेळ घेऊन, घडी घालून उशीखाली ठेवले.

डाव्या हाताने, कारण २०२२ च्या दिवाळीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय पुढे पुष्कळ सुधारला, हात फारसा नाही, आणि बोलणे संथ झाले. एकेक शब्द शोधून आणल्यासारखे ते बोलतात. शब्द चुकत नाहीत, फक्त उशिरा येतात. पण उशिरा येणाऱ्या शब्दासाठी थांबायला घरात वेळ कोणाला असतो? आई त्यांचे वाक्य पुरे करी, मी दुसऱ्याच विषयाला हात घाली, आणि पुण्याचा दादा फोनवर विचारी, ‘आप्पा कसे आहेत?’ आप्पा समोरच बसलेले असत. मी सांगे, ‘बरे आहेत.’ झाले.

गाडी आप्पांनी २००३ साली एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. १९९४ चे मॉडेल. पोस्टात पत्रांची वर्गवारी करणाऱ्या माणसाने मोटार घ्यावी याचे तेव्हा नात्यातल्या सगळ्यांना हसू आले होते. त्या गाडीने आम्हांला जोतिबा दाखवला, नरसोबाची वाडी दाखवली. आजऱ्याला आईच्या माहेरी जाताना पुढच्या बाकावर आई-आप्पांच्या मधे बसण्याचा मान माझा. दादा मागे एकटा, खिडकीतून तोंड बाहेर काढून. गाडीला काही झाले तर आप्पा स्वतःच बॉनेट उघडत. मिस्त्रीकडे जायचे ते स्वतःला काय वाटते हे सांगायला, विचारायला नव्हे.

२०२४ च्या जूनमध्ये गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. खाजगी मोटारीला पंधरा वर्षे पुरी झाली की पुढे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी गाडी आरटीओच्या साहेबांपुढे उभी करावी लागते. उभी करायची तर ती तिथपर्यंत गेली पाहिजे. दादाने फोनवर निकाल दिला, ‘भंगारवाल्याला बोलाव. वजनावर घेतात.’ मलाही ते पटले होते, हे आज कबूल केलेले बरे. मी भंगारवाल्याचा नंबरसुद्धा मिळवला होता. मी आणि आई भावाची चर्चा करत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आप्पांचा आवाज आला.

“बंद आहे... म्हणून... देऊ नका.”

आम्ही थांबलो. बहुधा वाक्य संपेपर्यंत थांबण्याची आमची कितीतरी दिवसांतली ती पहिली वेळ असावी.

“चालू करा. मग... द्या.”

एवढ्या एका वाक्यासाठी मी त्या मे महिन्याची सुट्टी खर्च केली.

माझी सुरुवात कुणाही अडाण्याची असते तशीच झाली. गाडी सुरू होत नाही, म्हणजे बॅटरी गेली. मग बॅटरी आणा. जुनी बॅटरी खरोखरच मेलेली होती. दीड वर्ष नुसती पडून राहिलेली बॅटरी दुसरे काय करणार? साठवलेले पैसे काढून मी नवी आणली, बसवली, ताडपत्री ऐटीत बाजूला फेकली आणि किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक. बस्स, एवढेच. इंजिन हलले नाही, खोकलेसुद्धा नाही. क्रिकेटवाली पोरे गोळा झाली होती. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘ताई, धक्का मारू काय?’ चाकांत हवा नव्हती, त्यामुळे तोही मार्ग खुंटला.

दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगरातून एका तरुण मिस्त्रीला घेऊन आले. त्याने पिशवीतून एक यंत्र काढले. हल्लीच्या गाड्यांना ते जोडले की गाडी आपला आजार आकड्यांत सांगते. तो गाडीभोवती एक फेरी मारून माझ्याकडे वळला. “ताई, ह्याला स्कॅनर कुठं लावू? ह्यात टोचायला जागाच न्हाई.” मग त्याने किल्ली फिरवून पाहिली, ‘टक’ ऐकले आणि सांगितले, “स्टार्टर गेला. बदलायला लागतोय. सापडंल का सांगत न्हाई.” जाताना मात्र, आप्पांकडे पाहून की काय, आपली जाड जंपर केबल दोन दिवसांसाठी ठेवून गेला. “लागली तर वापरा.”

मी हात झटकून ओट्यावर बसले. आप्पा दारातल्या खुर्चीत होते. त्यांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, “पत्र... पोचलं नाही... तर काय करतात?”

मला वाटले, त्यांचे लक्ष भरकटले. पण ते माझ्याकडे अगदी रोखून पाहत होते. म्हटले, “तक्रार करतात.”

“लोक करतात,” आप्पा म्हणाले. “आम्ही... शोधतो. कुठपर्यंत... पोचलं?”

त्या दिवशी आप्पांनी मला जे शिकवले ते चार ओळींत लिहिता येईल, पण त्यांना सांगायला सबंध दुपार लागली. पत्र हरवले म्हणून सगळ्या पोस्टाला शिव्या देण्यात अर्थ नसतो. पेटीतून निघाले का, इथल्या शिक्क्यापर्यंत आले का, थैलीत पडले का, गाडीत चढले का, असे एकेक ठाणे बघत जायचे. जिथपर्यंत खूण सापडते त्याच्या पुढच्या ठाण्यावर घोटाळा. मोटारीचेही तेच. इंजिन फिरते का? फिरत असेल तर ठिणगी पडते का? ठिणगी पडत असेल तर पेट्रोल पोचते का? पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

“दिवे लाव,” ते म्हणाले. “मग किल्ली.”

गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले. मी पुढचे दिवे लावले आणि किल्ली फिरवली. टक.

“मंद झाले?”

“नाही. होते तसेच आहेत.”

आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हलले. बॅटरी अशक्त असती, तर स्टार्टरने ओढ घेताच दिवे मिणमिणले असते. दिवे तसेच आहेत, म्हणजे बॅटरी धडधाकट आहे आणि वीज तिच्यातून निघतच नाही. पत्र अजून पेटीतच आहे. वाट कुठेतरी अडली आहे.

मी बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची जाड तार तपासली. दोन्ही टोके सोडवली, घासली, घट्ट केली. तार काढताना आधी वजा बाजू सोडायची आणि जोडताना वजा बाजू शेवटी जोडायची, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी भडका उडत नाही, हा धडा त्याच वेळचा. पुन्हा किल्ली. टक. मी चिडले. चोकची गुंडी उगीच ओढायला गेले आणि हात मागे घेतला. तिची दांडी गरम लागत होती.

“आप्पा, चोकची तार तापलीये!”

आणि आप्पा हसले. वारे गेल्यापासून तोंड एका बाजूला ओढले जाते म्हणून ते हसणे टाळत; त्या दिवशी ते मोठ्याने हसले. आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

“मनिऑर्डर,” आप्पा म्हणाले. “पैसे गेले. पोच... कुठून येते?”

मी ही गोष्ट नंतर एका भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून समजावून घेतली, पण आप्पांच्या दोन शब्दांत जेवढे होते त्यापेक्षा त्याच्याकडे फारसे जास्त नव्हते. वीज बॅटरीतून स्टार्टरकडे जाते हे सगळे पाहतात, पण तिला परतही यावे लागते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा, आणि इंजिन त्या पत्र्याला जोडलेले असते ते एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने. इंजिन रबरावर बसवलेले असते, म्हणून ही पट्टी नसेल तर त्याचा पत्र्याशी धड संबंध राहत नाही. पट्टी कामातून गेली की बिचारी वीज मिळेल त्या आडवाटेने परतू पाहते. आमच्या गाडीत ती चोकच्या बारीक तारेतून येत होती. तार तापत होती, आणि स्टार्टरच्या वाट्याला एका ‘टक’पुरती ताकद उरत होती. पूर्वी मनिऑर्डर केली की पैसे घेणाऱ्याच्या सहीची पोच पाठवणाऱ्याकडे परत येई. पोच आली नाही तर व्यवहार पुरा झाला असे पोस्टवाला मानत नसे.

मिस्त्रीची जंपर केबल आता कामाला आली. तिचे एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला आणि दुसरे थेट इंजिनाच्या लोखंडाला लावले. किल्ली फिरवताच इंजिन गरगरा फिरू लागले. सुरू झाले नाही, नुसते फिरले. पण दीड वर्षात त्या गाडीने केलेली ती पहिली हालचाल होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. स्टार्टर शाबूत होता. नवा आणला असता तर तोही ‘टक’ असेच म्हणाला असता.

पट्टी इंजिनाच्या बाजूला खाली, हात कसाबसा पोचेल अशा जागी होती. तिच्या बोल्टखाली गंज आणि हिरवा थर साठला होता. दोष गाडीचा नव्हता. तिला सबंध पावसाळा एका जागी उभे करणारे आम्हीच होतो. मी पट्टी काढली, पॉलिश पेपरने तांबे उजळेपर्यंत घासली, तिच्या जागचा पत्राही लखलखीत केला, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन फासले. केबल काढून किल्ली फिरवली. इंजिन तसेच जोरात फिरले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

दुसरा प्रश्न ठिणगीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक प्लग काढला, तारेला परत जोडला, लाकडी मुठीच्या चिमट्याने इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि आईला किल्ली फिरवायला बसवले. तिने आयुष्यात प्रथमच चालकाच्या जागी बसून मोटारीची किल्ली फिरवली. प्लगच्या टोकाशी काही दिसेना. आप्पा म्हणाले, “झाकण उघड.” डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या झाकणाखाली दोन छोटे पॉइंट असतात. ते मिनिटाला शेकडो वेळा उघडतात, मिटतात, आणि प्रत्येक उघडण्याबरोबर एक ठिणगी पडते. ओलीने त्यांच्यावर राखाडी साय धरली होती. पॉलिश पेपरची बारीक पट्टी त्यांच्यामधून चार वेळा ओढली, कोरड्या फडक्याने पुसले. पुन्हा प्लग धरला. निळी, कडक, चटचट वाजणारी ठिणगी पडली. मी चिमटा टाकूनच दिला.

तिसरे ठाणे पेट्रोलचे. टाकीतले जुने पेट्रोल काढले तर त्याला रंगाच्या दुकानासारखा उग्र वास येत होता. पेट्रोल फार दिवस साठवले की त्यातला लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट गाळ राहतो. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, आणि ते हवेतली ओल धरते. कार्ब्युरेटरच्या वाटीत तपकिरी साका बसला होता. तो धुतला, कडक झालेली रबरी नळी बदलली, पाच लिटर ताजे पेट्रोल भरले. त्या दिवशी सगळे आवरेपर्यंत आईने तुळशीपुढे दिवा लावला नाही. ‘तुळशीमाईला सांगितलंय,’ ती म्हणाली, ‘तिला कळतंय.’

चाकांत हवा भरून झाली होती. चोक पूर्ण ओढला, पेडल दोनदा दाबले, किल्ली फिरवली. फिरले, पण पेटले नाही. आप्पांनी हात वर केला: थांब. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवायचे नाही, स्टार्टर तापतो, मिनिटभर थांबायचे. दुसऱ्यांदा एक खोकला. पुन्हा मिनिट. तिसऱ्यांदा तिने दोन आचके दिले, धुराचा एक पांढरा लोट सोडला आणि सुरू झाली. शेवग्याची वाळलेली फुले बॉनेटवर थरथरत होती. मांजर भिंतीवर चढले. मी गाडीतून उतरले नाही. उतरले तर बंद पडेल अशी वेडी भीती वाटत होती. आप्पा काठी टेकत स्वतः उठले, गाडीपर्यंत आले आणि त्यांनी उजवा हात, तोच हात, डाव्या हाताने उचलून बॉनेटवर ठेवला. किती वेळ ठेवला ते मला सांगता येणार नाही. कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून ते एवढेच म्हणाले, “चोक... आत घे.”

त्या रात्री दादाचा फोन आला. नेहमीप्रमाणे त्याने विचारले, ‘आप्पा कसे आहेत?’ मी म्हटले, ‘त्यांनाच विचार,’ आणि फोन त्यांच्या कानाला लावला. ते संभाषण वीस मिनिटे चालले. त्यात शब्द फार नव्हते. पण पलीकडे दादा थांबत होता, हे मला इकडून कळत होते. दीड वर्ष आम्ही आप्पांना वेळेवर औषध देत होतो, फळे देत होतो, मालीश करवत होतो. आमच्याकडून जाणारी तार शाबूत होती. त्यांच्याकडून परत काय येते ते पाहायला आम्ही थांबतच नव्हतो.

जूनमध्ये एका मित्राच्या वडिलांनी गाडी आरटीओपर्यंत चालवत नेली. आप्पा पुढच्या बाकावर, मी मधे, माझ्या जुन्या जागी. साहेबांनी दिवे, ब्रेक, हॉर्न पाहिले, चासीचा नंबर पाहिला आणि पुढची पाच वर्षे मंजूर झाली.

आता वाचकांना वाटेल की गाडी आमच्या दारात राहिली. तशी ती राहिली नाही. दिवाळीनंतर आप्पांनीच विषय काढला. “आता द्या.” गडहिंग्लजच्या एका तरुणाने ती घेतली. त्याला जुन्या गाड्यांचा नाद आहे. भंगाराच्या भावापेक्षा त्याने बरेच जास्त दिले, पण आप्पांनी पैसे मोजलेदेखील नाहीत. त्यांनी त्याला तासभर समोर बसवून घेतले. थंडीत चोक किती ओढायचा, पेडल किती वेळा दाबायचे, पट्टी कुठे आहे, बोल्ट किती दिवसांनी पाहायचा. तो मुलगा चांगला होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटापर्यंत तो थांबला.

गाडी निघाली तेव्हा आप्पा फाटकापाशी उभे होते. ती वळणाआड गेल्यावर मी त्यांचा हात धरला, पण ते हलेनात. कान देऊन ऐकत होते.

“दुसरा... पडला,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “तिसरा.”

मला तर रस्त्यावरच्या रिक्षांशिवाय काही ऐकू येत नव्हते. त्यांचे ऐकून होईपर्यंत मी तशीच उभी राहिले.